अक्कांचा तिकोनी भात

आज अक्कांनी मला "ऊटा आयता?" असं विचारलं नाही.

एवढ्याशा गोष्टीवरून झोप उडवून घेणारी बाई म्हणून घरात माझी थट्टा होते, आणि ती काही खोटी नाही. मुलगी खोकली की मला न्यूमोनिया दिसतो. वासुदेवला ऑफिसातून यायला उशीर झाला की होसूर रोडवरचे सगळे ट्रक डोळ्यांपुढून जातात. पण ही काळजी तसली नाही. "ऊटा आयता?" म्हणजे "जेवण झालं का?" बंगळूरमध्ये हे कुणीही कुणालाही विचारतं, आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे निघून जातं. अक्का मात्र उत्तरासाठी थांबायच्या. आपण चप्पल काढतो न काढतो तोच आतून हा प्रश्न यायचा, आणि "झालं" म्हटलं तर लगेच दुसरा, "काय झालं? भात होता का नुसतंच ब्रेड खाऊन आलीस?" इतक्या वर्षांत हे कधी चुकलं नव्हतं. आज मी दिवाळीचा फराळ घेऊन गेले, तर म्हणाल्या, "ये, बस." आणि बिस्किटांचा डबा पुढे केला.

मी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. ओटा कोरडा होता. कुकर उपडा घालून ठेवलेला, आणि त्याच्या बुडावर धुळीचा पातळ थर. दुधाचं पातेलं आणि कॉफीचं गाळणं एवढंच काय ते ओलं होतं. बाहेर येऊन बघते तर अक्कांच्या ब्लाऊजची बाही दंडावर सैल झालेली. आयुष्यभर दुसऱ्यांचे ब्लाऊज अंगाबरोबर शिवणारी ही बाई.

"अक्का, जेवलात का?" मीच विचारलं.

"आयतु, आयतु. झालं माझं."

"काय झालं?"

त्यावर हसल्या. "माझाच प्रश्न मला विचारालीस?" म्हणाल्या, आणि मैत्रेयीच्या शाळेबद्दल बोलू लागल्या.

संयोगिता अक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. आता नाहीत, म्हणजे आता आम्ही भाडेकरू नाही. गेल्या वर्षी इलेक्ट्रॉनिक सिटीजवळ फ्लॅट घेऊन इकडे आलो. त्याआधी पाच वर्षं गवीपुरममध्ये त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. पुण्याहून आले तेव्हा मैत्रेयी कडेवर होती आणि मला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. घर बघायला गेलो तर दार उघडणारी बाई मराठीत म्हणाली, "या की आत, उन्हात का थांबलात?" मला रडूच आलं. मग कळलं की त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. अक्कांनी महाराष्ट्र कधी पाहिला नव्हता. "पुणं कसं असतं गं? आमच्या चिकपेटएवढं तरी गर्दीचं आहे का?" असं त्यांनी एकदा मला अगदी मनापासून विचारलं होतं.

त्यांचे यजमान रघुजीअण्णा कापडगिरणीतून निवृत्त झालेले. मूलबाळ नाही. अण्णा दिवसभर व्हरांड्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारायचे आणि अक्का आत मशीनवर शिवणाच्या तालात त्यांना उत्तरं द्यायच्या. जेवायला मात्र दोघं समोरासमोर जमिनीवर. "सारात मीठ कमी आहे." "मग कमी बोला, पुरेल." हे असं रोज. जिन्यावरून खाली येताना मला ते ऐकू यायचं आणि उगाच बरं वाटायचं.

घराच्या मागच्या खोलीत तेव्हा एक जपानी मुलगी राहायची. युमिको. बसवनगुडीतल्या एका बाईंकडे वीणा शिकायला आली होती. लहानखुरी, अबोल, पायांत नेहमी पांढरे मोजे. तिला तिखट सोसायचं नाही आणि अक्कांचा स्वयंपाक म्हणजे नाकाडोळ्यांतून पाणी. एक दिवस तिनं तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये अक्कांना विचारलं, मी तुमच्या चुलीवर थोडा भात करू का? तिच्या देशात म्हणे आई डब्यात भाताचे गोळे करून देते, मिठाच्या हातानं वळलेले.

अक्कांना वाटलं, पाहुणीला चांगलं द्यावं. त्यांनी डब्याच्या तळाशी जपून ठेवलेला जुना तांदूळ काढला आणि भात शिजताना वरून चमचाभर तेल, लिंबू पिळून. शीत न् शीत मोकळं. सुगरणीचं प्रमाणपत्रच ते. युमिकोनं हात ओले केले, मीठ लावलं, भात घेतला आणि दाबला. सगळा भात तिच्या बोटांतून वाळूसारखा खाली पडला. तिनं पुन्हा घेतला, पुन्हा पडला. अक्का ओरडल्या, "अय्यो, हिला गिचका भात हवाय!" त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू कुणी त्यांना मुद्दाम बटण तिरकं लावायला सांगितलंय.

माझ्या आईनं पुण्याहून आंबेमोहोर पाठवला होता. अक्का त्याला नेहमी नावं ठेवायच्या, "हा भात का चिक्की?" त्या दिवशी मीच तो घेऊन खाली गेले. मऊ शिजवला, तेल नाही, लिंबू नाही. युमिकोनं तो हातात घेतला, दोन तळव्यांचं छप्पर करून तीनदा फिरवला, आणि तळहातावर एक नीट तिकोनी भात उभा राहिला. मध्ये भरायला तिला आंबटखारट काहीतरी हवं होतं. अक्कांच्या बरणीत मिठाच्या पाण्यातल्या कोवळ्या कैऱ्या होत्या, अंगठ्याएवढ्या, इकडे त्यांना मिडी म्हणतात. एक चाखून युमिकोनं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. आम्हाला वाटलं झोंबलं. पण तिला घर आठवलं होतं.

मग काय, अक्कांनी ठरवलं की ही पोरगी क्लासहून येईल तेव्हा तिला हा भात तयार मिळाला पाहिजे.

याच दिवसांत वरच्या मजल्यावर माझी वेगळीच लढाई चालू होती. सहा वर्षांच्या मैत्रेयीला कावीळ झाली होती. कावीळ उतरली पण भूक परत येईना. ताट समोर आलं की ती ओठ घट्ट मिटायची आणि भिंतीकडे बघायची. मी गोष्टी सांगायचे, गाणी म्हणायचे, रागवायचे, शेवटी तिच्यासमोर रडायचे. तिच्या फ्रॉकच्या गळ्यातून हाडं दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, आठवड्यात खायला लागली नाही तर दाखल करून सलाईन लावावं लागेल. त्या शब्दानंतर मी प्रत्येक घासाला आणखी मागे लागले आणि ती आणखी मिटत गेली. जिन्यातून सगळं खाली ऐकू जायचं.

पितृपक्ष चालू होता. अक्कांनी सकाळी आंबेमोहोराचा भात केला आणि युमिकोच्या वाट्याचे गोळे वळायला घेतले. आता अक्कांचे हात लहानपणापासून नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, वळणारे. गरम उकड, ओला हात, गोल गोल. त्या हातांना दुसरा आकार माहीतच नव्हता. भाताचे पाच गोळे झाले, चेंडूसारखे. युमिको वर तीळ लावायची हे त्यांच्या लक्षात होतं, घरात काळे तीळ होते, ते लावले. केळीच्या पानावर ओळीनं मांडले आणि हात धुवायला गेल्या.

तेवढ्यात अण्णा आंघोळ करून ओल्या पंचानं स्वयंपाकघरात आले.

मी वर होते, मला फक्त आरोळी ऐकू आली. "संयोगिता! अगं कुणाचं श्राद्ध मांडलंस?"

धावत खाली गेले तर अण्णा पानाकडे बोट दाखवतायत, आणि अक्का ओल्या हातांनी तशाच उभ्या. त्यांच्याही तेव्हाच लक्षात आलं. केळीचं पान, भाताचे गोळे, काळे तीळ, पितृपक्ष. दर्भ तेवढा राहिला होता.

"हे त्या पोरीला खायला देणार होतीस? जिवंत पोरीला?"

"अय्यो देवा," अक्का खाली बसल्या. मग त्यांच्या पोटातून हसू फुटलं ते थांबेचना. अण्णा आधी रागावले, मग तेही हसले. म्हणाले, "माझ्या वेळी मात्र गोलच कर हं. तिकोनी बघून कावळा म्हणेल, हे कुठलं नवीन हॉटेल."

"तुमच्या वेळी मी कुठली राहते? आधी माझाच नंबर," अक्का म्हणाल्या.

ते पाच गोळे गाईला गेले. अक्कांनी पांढरे तीळ भाजले, पुन्हा भात टाकला आणि ठरवलं, आता तिकोनीच. पण हात ऐकेनात. कोपरा काढायला जावं तर गोळा पुन्हा गोल. अर्धा भात वाया गेल्यावर त्या जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडल्या, "पुट्टी! अगं पुट्टी, स्वल्प खाली ये. माझं काम अडलंय."

पुट्टी म्हणजे छोटी. मैत्रेयीला त्या तसंच म्हणायच्या. मी म्हणाले, तिला अशक्तपणा आहे, ती नाही उतरायची. अक्का वर आल्या, तिला उचलून खाली घेऊन गेल्या. मी मागोमाग स्वयंपाकघरात पोचले तर म्हणाल्या, "तू इथंच बस. पाठ करून बस. घेवडा निवड."

मी पाठ करून बसले. मागे काय चाललंय ते फक्त ऐकत होते.

"बघ, माझ्या हाताला कोपरा येत नाही. तुझे हात लहान आहेत. युमी संध्याकाळी भुकेली येणार. करशील?"

मग पाण्यात हात बुडवल्याचा आवाज.

"असं?"

"हां, असंच. पण हळू. मीठ जास्त घेऊ नको."

"गोल नको ना?"

"गोल केलंस तर अण्णा ओरडतील."

"अण्णा का ओरडतील?"

"त्यांना ओरडायला आवडतं."

मैत्रेयी हसली. कितीतरी दिवसांनी मी तो आवाज ऐकला. घेवड्याची शीर माझ्या हातात तशीच राहिली. मला वळून बघायचं होतं आणि मी वळले नाही. आजवर केलेल्या सगळ्या उपासतापासांत तो सर्वांत कठीण होता. मग एक बारीकसा आवाज आला. आंबेमोहोर हाताला चिकटतो. मैत्रेयी तळव्याला चिकटलेला भात चाटत होती. आधी बोटं, मग तळवा, मग पुन्हा मीठपाणी, पुन्हा भात. तिला कुणी खा म्हणत नव्हतं. अक्का म्हणत होत्या, "अगं, युमीला ठेव थोडा!"

संध्याकाळी युमिको आली तेव्हा पानावर मैत्रेयीनं केलेले वाकडेतिकडे तिकोन होते. युमिकोनं वाकून नमस्कार केला, थेट सहा वर्षांच्या मुलीला. मग अक्कांनी सगळ्यांना गोल करून बसवलं, स्वतः मध्ये पातेलं घेऊन. इकडे तशी पद्धत आहे, घरातली बाई भात कालवते आणि एकेकाच्या पुढे आलेल्या हातावर घास ठेवत जाते. कैतुत्तु म्हणतात त्याला. हात पुढे केला नाही तर पाळी जाते. अण्णा, युमिको, मी, मैत्रेयी. माझ्या हातावर घास पडला तेव्हा लक्षात आलं की गेले कित्येक दिवस मीसुद्धा नीट जेवले नव्हते. मैत्रेयीनं हात पुढे केला. पुन्हा केला. पुन्हा.

सलाईन लागलं नाही.

त्या आठवड्यात आणि नंतर महिनाभर ती रोज अक्कांचं "काम" करायला खाली जात होती. मी कधी अक्कांचे आभार मानायला गेले की त्या वैतागायच्या. "कसले आभार? माझा भात वळून दिला तिनं. तिचेच मानते मी." युमिको पुढच्या वर्षी परत गेली. वीणा तिनं नेली, आणि मिडी कैऱ्यांची एक बरणी.

अण्णा या वर्षी जूनमध्ये गेले. झोपेत, काही त्रास नाही. दहाव्याला आम्ही सगळे श्रीरंगपट्टणला कावेरीकाठी गेलो. त्यांचा पुतण्या मानसिंग विधी करत होता. पिंड मांडले. गोलच होते. आणि कावळा येईना.

झाडावर होते, पण खाली उतरेनात. मानसिंगनं हात जोडून सांगितलं, घर सांभाळू, वर्षश्राद्ध नीट करू. काही नाही. ऊन वाढत होतं. गुरुजी दर्भाचा कावळा करायची भाषा बोलू लागले. तेव्हा वासुदेव पुढे झाला. माझा नवरा यंत्रांवर विश्वास ठेवणारा माणूस. सत्यनारायणाला सुद्धा पेपर वाचत बसतो. तो पिंडांसमोर उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "अण्णा, अक्कांच्या जेवणाची काळजी करू नका. ते आमच्याकडे लागलं."

कावळा उतरला.

योगायोग असेल. अक्का पदरात तोंड घालून एवढंच म्हणाल्या, "गोल होते म्हणून आला."

त्यानंतर आम्ही खूप म्हटलं, आमच्याकडे राहायला या. "बेड कणे, नको. तुमच्या लिफ्टमध्ये मला चक्कर येते." मी डबे पाठवू लागले. परवा अक्कांच्या गल्लीच्या कोपऱ्यावरची फुलवाली माझ्याच डब्यातलं वरण खाताना दिसली. आणि आज तो कोरडा ओटा.

निघताना मी विचारलंच, "अक्का, भात तरी लावता का?"

त्यांनी बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावलं. "भात नको वाटतो गं. हातात घेतला की कावेरीकाठचं ते पान दिसतं." एवढंच. मग म्हणाल्या, "सरी, बरं तर, अंधार व्हायच्या आत बस पकड."

रात्री जेवताना मी वासुदेवला सगळं सांगितलं. तो घास थांबवून म्हणाला, "आपण शब्द दिलाय. तोही कावळ्याला. मागे घेता येत नाही." मी म्हटलं, मग काय करू, रोज समोर बसून भरवू का त्यांना? रोज फोन करून विचारू, जेवलात का, काय जेवलात, किती जेवलात?

मैत्रेयी ऐकत होती. आता ती नऊ वर्षांची आहे आणि दोन पोळ्या जास्त खाते. म्हणाली, "आई, त्यांना विचारलं की त्या 'आयतु'च म्हणणार. मी पण तोंड मिटायचे ना." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि त्यांना अजून कोपरा काढता येत नाही. मी शिकवणार होते, राहूनच गेलं."

ती झोपली, वासुदेव झोपला. मी आंबेमोहोराच्या डब्यात हात घालून बघितलं, आहे. पांढरे तीळ आहेत. मिडी कैऱ्या अक्कांच्याच बरणीत असतील. ती बरणी त्यांनी कधी रिकामी होऊ दिली नाही. मग हे लिहायला बसले. मनातली धडधड कमी होते म्हणून मी लिहिते. आज मात्र लिहिता लिहिता वेगळंच काही वर आलं. मला त्या घेवड्याच्या शेंगा आठवत राहिल्या, आणि पाठीमागून येणारा तो चाटण्याचा आवाज. माझं मूल मला ज्या हातांनी परत दिलं, ते हात आता कोरडे आहेत. त्यांना कुणी खा म्हणून चालणार नाही. त्यांचं कुणीतरी काम अडवलं पाहिजे.

अक्कांच्या गल्लीत उद्या पाण्याची पाळी आहे. पहाटे नळ आला की त्या उठून हंडे भरतात. फोन तिथंच, नळाच्या खिडकीशी, त्यांनी शिवलेल्या फुलाफुलांच्या झालरीखाली. मी पहाटेच फोन करणार आहे. जेवलात का, असं विचारणार नाही. तब्येतीचंही नाही. म्हणेन, "अक्का, माझं काम अडलंय. मैत्रेयीला शाळेच्या सहलीला तिकोनी भात न्यायचाय आणि माझ्या हाताला मीठ कळत नाही. आम्ही तिघं येतोय, उपाशीच येतोय. तांदूळ मी आणते. तुम्ही फक्त मीठपाणी करून ठेवा."